बासष्ट अंकांची फेरतपासणी

सेलू
३ एप्रिल २०२५

साधना गडदे हिस,

काल टपालात एका महाविद्यालयाचं पत्र आलं. तिथं ग्रंथपाल म्हणून तुझी निवड झाली आहे आणि नेमणुकीआधी ते तुझ्या जुन्या नोकरीची खातरजमा करत आहेत. सोबत भरून द्यायचा नमुना आहे. त्यातला सातवा प्रश्न : ‘उमेदवाराविरुद्ध चौकशी अथवा प्रतिकूल शेरा आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’ उत्तर पंचवीस एप्रिलच्या आत पोचलं नाही तर ते यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतील. आपल्या कॉलेजच्या दप्तरात तुझ्या नावापुढे शेरा आहे. म्हणून हे पत्र. एरवी बारा वर्षांनी मी तुला त्रास दिला नसता.

शेरा तुझ्या लक्षात असेलच. माझ्याही आहे. ‘नियतकालिकांचे बासष्ट अंक गहाळ. हलगर्जीपणा. मुदतवाढ देऊ नये.’ जून २०१३. खाली समितीच्या तीन सह्या, आणि चौथी माझी, ग्रंथपाल म्हणून.

आता मुद्द्याचं. जानेवारीपासून मी नियतकालिकांचा जुना डेटाबेस नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरते आहे. जुना मीच २००९ साली बनवला होता, हे तुला माहीत आहे. प्रत्येक मासिकाला वर्षाचे बारा खाने. अंक आला की खान्यात खूण. खूण नसली की यंत्र तो अंक गहाळ यादीत छापणार. नव्या सॉफ्टवेअरमध्ये महिन्याबरोबर अंकावर छापलेला क्रमांकही भरावा लागतो. तो भरताना दिसलं की गहाळ धरलेल्या अंकांतले बहुतेक नोव्हेंबरचे आहेत. कारण साधं आहे. आपली मराठी मासिकं दिवाळीला जोडअंक काढतात. हातात अंक एक, त्यावर क्रमांक दोन महिन्यांचे. आपण ऑक्टोबरचा खाना भरला, नोव्हेंबरचा रिकामा राहिला, आणि यंत्रानं त्या रिकाम्या खान्याला गहाळ म्हटलं. जो अंक छापलाच गेला नाही तो हरवणार कसा?

चूक डेटाबेसच्या रचनेची होती. समितीपुढे मी खोटं बोलले नव्हते, एवढं नोंदवून ठेवते.

मी बासष्टच्या बासष्ट नोंदी मूळ अंक हातात घेऊन तपासणार आहे. तपासणी होईल, पण शेरा रद्द करण्याचा विषय समितीपुढे आणायला तुझा अर्ज लागेल. ‘माझ्याविरुद्धच्या शेऱ्याची फेरतपासणी व्हावी’ एवढं एक वाक्य आणि सही पुरे. उलट टपाली पाठव. एकतीस मेला मी निवृत्त होते. माझ्यानंतर हे कपाट उघडायला कुणाला सवड होईल असं वाटत नाही.

विजयमाला काष्टे

सेलू
१३ एप्रिल २०२५, रविवार

साधना,

तीन तारखेचं रजिस्टर्ड पत्र परत आलं. तुझा पालमचा पत्ता बरोबर होता. पाकिटावर पोस्टमनचा शेरा : ‘घेण्यास नकार’. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण पंचवीस तारीख तुझ्या रागासाठी थांबणार नाही. म्हणून आज सकाळच्या एसटीनं देवगाव फाट्यावरून चारठाण्याला गेले आणि तिथून चालत तुझ्या आईकडे.

भिवराबाई मेंढरांच्या वाड्यात पिलांना पाला टाकत होत्या. मला पाहून हात थांबला नाही.

“कोन वो?”

“मी विजयमाला काष्टे. कॉलेजातली.”

“वळखलं. बसा म्हणनार न्हाई मी.”

“उभ्यानं बोलते.”

मी सगळं सांगितलं. खाने, खूण, जोडअंक. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. पाला संपला तेव्हा आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

“प्या. पानी वैऱ्याला बी देतो आमी.” मग म्हणाल्या, “मंजी असं म्हना की, गाभण मेंढी एक मोजली. पुन्हा, पिलू कुठंय म्हून राखणाऱ्याला धरलं. असंच न्हवं?”

“असंच.”

“अन् हे तुमाला बारा वर्सांनी कळायलंय? आमच्यात तर शाळंचं तोंड न बघितलेलं लेकरू बी सांगन.”

मी तांब्या खाली ठेवला.

“गावात लोक काय म्हणायले माहीत हाय का? मल्हारीच्या पोरीनं कॉलेजची मासिकं रद्दीत इकली. रद्दी तरी किती वो भरती बासष्ट मासिकांची?”

“दहा-बारा किलो भरेल.”

“बगा. दहा-बारा किलोसाठी माझी पोर दोन म्हैने दाराभाईर न्हाई निघाली. मेंढराच्या कानाला खूण करतेत ना, की कुण्याच्या कळपातलं हाय ते दुरून कळावं? तशी केली तुमी तिला.”

मग तुझ्या वडिलांचं, मल्हारींचं निघालं. ते गेले तेव्हा मी आले नव्हते. त्या दिवशी कॉलेज होतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. भिवराबाई म्हणाल्या, “आयतवार व्हता.” त्यांचं बरोबर आहे. रविवार होता.

निघताना परत आलेलं पाकीट त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते पदराला पुसलं. “पोचवते म्या. वाचायचं का न्हाई, ते तिचं ती बघन.” हे दुसरं पत्र मी साध्या टपालानं टाकते आहे. साध्या टपालाला सही करावी लागत नाही, त्यामुळे नकारही देता येत नाही. अर्ज मात्र पाठव.

वि. काष्टे

सेलू
१७ एप्रिल २०२५

साधना,

अर्ज मिळाला. एक वाक्य, सही, तारीख. मायना नाही, ‘आपली विश्वासू’ नाही. जेवढं मागितलं तेवढंच दिलंस, हे बरं केलंस. मी तो आवक नोंदवहीत चढवून प्राचार्यांपुढे ठेवला.

तपासणी चालू आहे. जुनी मासिकं आता वाचनालयात नाहीत. जागा हवी म्हणून मागच्या वर्षी ती जिन्याखालच्या खोलीत गेली. मुंजाजी शिपाई आणि मी गठ्ठे बाहेर काढतो आहोत. उन्हाचा कहर आहे, त्या खोलीला खिडकी नाही. मुंजाजीला गुडघ्याचा त्रास आहे आणि बोलायची हौस.

“मॅडम, ह्या गठ्ठ्यात काय हंडा-बिंडा सापडणारंय का? तसं असलं तर आत्ताच सांगा, मी घरी सांगून येतो.”

“अंक सापडणार आहेत. खाली ठेव. त्याच्यावर बसू नको.”

“सादना गेली तवापासून ह्या गठ्ठ्यांवर कोन्ही बसलं बी न्हाई अन् उठलं बी न्हाई.”

एक अडचण आली. बन्सीधर बाइंडर अंक बांधताना मुखपृष्ठं फाडून टाकायचा, जाहिराती नकोत म्हणून. ‘जोडअंक’ हा शब्द मुखपृष्ठावरच असतो. म्हणजे पुरावा त्यानं सुरीनं कापून नेलेला. पण आत अनुक्रमणिकेच्या डोक्यावर बारीक अक्षरात वर्ष आणि अंक छापलेला असतो : ‘वर्ष २३, अंक १०-११’. तिथं भिंग लावून वाचते, मुंजाजीच्या मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढते आणि लगेच नव्या डेटाबेसमध्ये दोन्ही क्रमांक भरते. भरले की यादीतली ती लाल ओळ निघून जाते. आजअखेर चव्वेचाळीस गेल्या. अधिक महिन्याचं मीच वेगळं लिहून ठेवलं आहे : पंचांगावर चालणारं आपलं ते एक मासिक २०१२ च्या अधिक भाद्रपदात तेराव्यांदा निघालं होतं, आणि तेव्हाच्या बारा खान्यांत त्याला जागाच नव्हती. तो अंक तू तेव्हाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं टिपून ठेवलेला सापडला. डेटाबेस मी बनवला होता. त्याचं कुठं चुकतंय ते तुला दिसत होतं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

पहिल्या पत्रात ‘चूक डेटाबेसच्या रचनेची’ असं मी म्हटलं. ते पुरं खरं नाही. २०१० ची दिवाळी झाल्यावर तू एक अंक घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. “मॅडम, ह्यो जोडअंक हाय. दोन्ही खान्यात खूण करू का?” मी मान वर न करता म्हटलं, “अंक किती आले? एक. मग नोंद एक. आणि कॉलेजात ‘हाय’ म्हणू नको.” त्यानंतर तू पुन्हा विचारलं नाहीस. १९९८ पासूनचे जुने-नवे सगळे अंक तू माझ्या त्याच नियमानं चढवलेस. नियम माझा होता.

समितीत तू हे सांगितलंस. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “अशी सूचना तुम्ही दिली होती का?” मी म्हटलं, “लेखी सूचना मी दिलेली नाही.” ‘लेखी’ हा शब्द मी मुद्दाम घातला. त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि माझ्यावर खोटं बोलण्याची वेळ आली नाही. खोटं बोलले नव्हते, असं जे तुला लिहिलं, ते या एका शब्दाच्या जोरावर. तू माझ्याकडे पाहत होतीस. मी फायलीत पाहत होते.

मला कधी कळलं, हे तू विचारणार नाहीस, पण ते सांगितल्याशिवाय हा कागद खरा होत नाही. मला समिती झाली त्याच दुपारी कळलं. छापील यादी घरी नेली होती. नोव्हेंबर, नोव्हेंबर, नोव्हेंबर. पंधरा दिवसांनी जिल्ह्यातले वीस ग्रंथपाल माझा डेटाबेस बघायला येणार होते. त्यांना चहा किती लागेल, खुर्च्या कुठून आणायच्या, याची यादी मी त्याच छापील कागदाच्या मागच्या बाजूला केली. प्रात्यक्षिक उत्तम झालं. माझा सत्कार झाला. तू तोवर गेली होतीस.

आज दुपारी प्राचार्य रामप्रसाद सरांनी बोलावलं होतं. तू असताना ते इथं नव्हते. माणूस वाईट नाही, पण भानगड दिसली की त्यांना घाम फुटतो.

“मॅडम, दीड महिना राहिलाय तुमचा. जुनं मढं कशाला उकरता? त्या नमुन्यात ‘सेवा समाधानकारक’ लिहू आणि मोकळे होऊ. सातवा प्रश्न कोरा सोडू.”

“कोरा सोडला तर ते फोन करतील. फोनवर तुम्ही काय सांगाल?”

“मंग ‘नाही’ लिहू.”

“दप्तरात शेरा असताना ‘नाही’ लिहिलं तर उद्या कुणीतरी तिची नेमणूक त्याच मुद्द्यावर रद्द करील. आधी शेरा रद्द करा, मग ‘नाही’ लिहा.”

“आणि रद्द करायला कारण काय दाखवू? समितीची चूक? तेव्हाचे अध्यक्ष अजून संस्थेवर आहेत.”

“कारण मी. लिहून देते.”

त्यांनी पंख्याचा वेग वाढवला. मग म्हणाले, “तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर अजून माझी सही व्हायचीय, एवढं लक्षात असू द्या.” हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं की काळजीनं, मला कळलं नाही. मी म्हटलं, “समिती शनिवारी घ्या.”

वि. काष्टे

सेलू
१९ एप्रिल २०२५, शनिवार, दुपारी ४

साधना,

समिती झाली. जुन्या तिघांपैकी एकटे अध्यक्ष आले होते, बाकी दोघे नवे. मी बासष्ट ओळींची यादी, फोटोंच्या प्रती आणि माझं निवेदन समोर ठेवलं. एकोणसाठ जोडअंक, म्हणजे गहाळ नाहीत. तीन खरोखर गहाळ.

अध्यक्ष म्हणाले, “काष्टेबाई, तेव्हा तर तुम्ही म्हणाला होतात...”

“‘लेखी सूचना दिली नव्हती’ असं म्हणाले होते. तोंडी दिली होती. ते मी तुमच्यापासून लपवलं. निवेदनात दुसऱ्या परिच्छेदात आहे.”

“हे निवेदन दप्तरात राहणार बरं का. कायमचं.”

“राहण्यासाठीच दिलंय.”

नव्या सदस्यांपैकी राजेश्री मॅडम इतिहास शिकवतात. त्यांनी विचारलं, “पण त्या मुलीला तेव्हा परत का नाही बोलावलं?” ‘उत्तर नाही’ असंच कामकाजात लिहून घ्या, असं मी सांगितलं. रामप्रसाद सरांनी लिहून घेतलं. ठराव झाला : शेरा रद्द. तीन अंकांची जबाबदारी तत्कालीन ग्रंथपालाची. सरांनी नमुना भरला, सातव्यापुढे ‘नाही’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. सही करताना म्हणाले, “बाई, तुमच्यापुढं कोण टिकतंय!” मी स्वतः पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं. पावती जपून ठेवली आहे.

घरी येते तोच तुझा फोन आला. नंबर अनोळखी होता, आवाज ओळखीचा. तू जे बोललीस ते इथं उतरवते, म्हणजे उद्या मला विसर पडायला नको.

“मॅडम, पत्रं बास करा. मला कागद पाहिजेत. सगळ्यांच्या प्रती. टपालानं नको, हातात द्या. मी उद्या आईकडं चाललेय. दहा वाजता देवगाव फाट्यावर या.”

“येते. झालं ते सांगू का?”

“कागदावर असंलच की. आणि पोचपावती करून आणा. माझी सही असल्याशिवाय दिलं म्हणू नका आता कुठं.”

“आणते.”

तू फोन ठेवलास. पावतीचा मसुदा करायला बसते आहे. हे पत्र वेगळं टाकत नाही, कागदांबरोबरच ठेवते. घ्यायचं नसेल तर घेऊ नको.

वि. काष्टे

पोचपावती

देवगाव फाटा, २० एप्रिल २०२५, रविवार. बसथांब्याजवळच्या हॉटेलाचं बाकडं. वेळ सकाळी १० ते ११.२०.

देणार : विजयमाला काष्टे, ग्रंथपाल.
घेणार : साधना मल्हारी गडदे.

१. बासष्ट अंकांची फेरतपासणी यादी, पाने ९, प्रत्येक पानावर सही. सोबत अनुक्रमणिकांच्या फोटोंच्या प्रती.
२. समितीच्या १९ एप्रिलच्या ठरावाची सहीशिक्क्याची प्रत.
३. माझ्या निवेदनाची प्रत. मूळ दप्तरात.
४. त्या महाविद्यालयाला पाठवलेल्या उत्तराची आणि स्पीड पोस्टच्या पावतीची प्रत.
५. २००९ ते २०१३ या काळाचा नवा अनुभव दाखला, मूळ. जुना शेरा असलेला दाखला रद्द समजावा.
६. नव्या डेटाबेसमधल्या नियतकालिक विभागाचं पहिलं पान, छापील. ‘नोंद करणार’ या रकान्यात सॉफ्टवेअर बदलताना सगळीकडे माझं नाव पडलं होतं. १९९८ ते २०१३ च्या नोंदींपुढे ते काढून साधना गडदे हे नाव भरलं आहे.
७. १९ एप्रिलचं पत्र, बंद पाकिटात.

घेणाराचा शेरा (स्वतःच्या अक्षरात) :

सर्व कागद पानं मोजून, वाचून घेतले. क्र. १ मध्ये पान ६ वर एक चूक आहे. शेतीच्या मासिकाचा मे २०११ चा अंक ‘मे-जून जोडअंक’ धरला आहे. त्याचा फोटो जोडलेला नाही, कारण ते पान फाटलेलं आहे. तो जोडअंक नव्हता. जूनचा अंक वेगळा आला होता, मी पाकीट फोडलेलं आठवतं. नोंदी शनिवारी करायच्या असा नियम होता, त्याच्या आतच तो टेबलावरून गेला. तो खरा गहाळ आहे. मॅडम म्हणाल्या, शंका होती म्हणून तुझ्या बाजूनं धरला. मला बाजू नको. आहे ते लिहा.

क्र. ७ घेतलं. उघडलं नाही.

साधना म. गडदे

देणाराचा शेरा :

वरील चूक मान्य. यादीत जागेवर दुरुस्ती करून सही केली. जोडअंक एकोणसाठऐवजी अठ्ठावन्न, गहाळ तीनऐवजी चार वाचावेत. चौथ्याची जबाबदारीही माझी. दुरुस्तीपत्र उद्या, सोमवारी, समितीला देत आहे. त्याची प्रत साधना गडदे यांना पालमच्या पत्त्यावर जाईल.

वि. काष्टे